खरातकाकांच्या कॉमिक्सवर मी पातं चालवलं

ज्या माणसाने उभा जन्म मला शत्रू म्हटलं, तो एका दुपारी मालाची रिक्षा भरून कॉमिक्स घेऊन माझ्या दुकानापुढे उतरला आणि म्हणाला, "अंकुश, काप हे सगळे."

मला वाटलं, ऊन लागलं. मी आधी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"तब्येत बराबर हाय ना, काका?"

"तब्येतीला काय धाड भरली? मी काय बोलून राह्यलो ते ऐक. तिन्ही बाजूंनी कापायचे, शिवायचे, वरून जाड पुठ्ठा. शाळेतल्या पोरांच्या हातात टिकलं पाहिजे."

रिक्षावाला गठ्ठे उतरवायला लागला तसा मी आडवा उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी आलेलं काम दुकानात घेत नव्हतो.

हा धक्का काय होता ते कळायला आमचा धंदा थोडा सांगावा लागेल. मी मूळचा शहागडचा. शेतीत जीव रमेना म्हणून जालन्याला आलो आणि बाइंडर झालो. जालना म्हटलं की लोकांना लोखंडी सळया आणि बियाणं आठवतं. पण सळया विकणाऱ्यालाही पावतीपुस्तकं लागतात, त्यावर आमचं भागलं. आता पुस्तक बांधायचं म्हणजे आधी ते मोडावं लागतं. गिऱ्हाइकाला हे बघवत नाही, म्हणून आम्ही ते त्याच्यासमोर करत नाही. पिना उपटायच्या, मुखपृष्ठ ओढून काढायचं, पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवायचे, खळ लावून शिकंज्याच्या दोन फळ्यांमध्ये आवळायचे आणि सुकलं की कटिंग मशीनखाली घालून पाठ सोडून तिन्ही बाजू छाटायच्या. पातं खाली आलं की कड अशी गुळगुळीत होते की बोट फिरवत बसावंसं वाटतं. बाइंडरचा सगळा अभिमान त्या कडेत असतो.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली. एका वकिलांनी कायद्याचे जाडजूड ग्रंथ आणले आणि सोबत सोफ्याच्या कापडाचा तुकडा. म्हणाले, पुस्तकं या रंगाची पाहिजेत, बैठकीत उठून दिसली नाही पाहिजेत. मी बांधून दिली. शिवताना पाहिलं, एकाही पानावर बोटाचा डाग नव्हता. असल्यांची सवय झालेली असते आम्हाला. पण निवृत्ती खरातांची सवय कधी झाली नाही, त्यांनी मला दर भेटीत चकितच केलं.

खरातकाका बदनापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. म्हशीला सुई टोचायला मागे तेच उभे राहत आणि लाथही तेच खात. वडील रोजंदारीवर राबलेले, अक्षरओळख नव्हती. काका शाळेत शिकू लागले तेव्हा वडिलांना रात्री वाचून दाखवायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी स्टेशनवरून एक चित्रकथेचं पुस्तक आणलं. वडिलांना चित्रं कळायची, अक्षरं हे सांगायचे, दोघं मिळून पुस्तक पुरं करायचे. तेव्हा लागलेला नाद पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली तरी सुटला नाही. राजे, राक्षस, हेर, अंतराळात उडणारी माणसं, मराठी, हिंदी, इंग्रजी, काय मिळेल ते त्यांनी गोळा केलं.

माझी त्यांची ओळख झाली ती 'फुगा'मुळे. चित्रातला माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडाजवळ जो गोल काढतात, तो फुगा. त्या नावाचं एक छोटं मासिक काका काढायचे. मासिक म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली पानं. ती रेल्वेने घेऊन ते जालन्याला यायचे, मी घडी घालून पिना मारून द्यायचो. पहिल्यांदा आले तेव्हा पिना मारता मारता मी एक पान वाचलं आणि हात थांबला. राक्षसाच्या नखांवर पूर्ण पानभर लेख होता!

"काका, हे खरंच तुम्ही लिहिलं? इतक्या मोठ्या माणसानं?"

"मंग कोण लिहील? तू?" ते म्हणाले. "हे छापणारे चित्र काढणाऱ्याचं नावच टाकत न्हाईत. मंग तो वळखायचा कसा? नखावरनं. हा गडी नखं चौकोनी काढतो. राजा असो की राक्षस, नख चौकोनीच."

अशा खुणांवरून त्यांनी कितीतरी अनाम चित्रकार वेगळे केले होते. नावं माहीत नव्हती म्हणून त्यांना टोपणनावं दिली होती. हा 'नखवाला', दुसरा 'वाकडी पगडी'. वर्षानुवर्षं लोक ज्या पुस्तकांना टाइमपास म्हणून फेकून देत होते, त्यांच्यामागे माणसं आहेत हे त्यांनी बदनापुरात बसून शोधलं होतं. आणि एक दिवस पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बदनापूर स्टेशनवर उतरला. सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरणारा माणूस. दवाखान्यात जाऊन म्हणाला, "माझी नखं वळखणारा कोण हाय?" तो नखवाला होता. कुणीतरी त्याला 'फुगा'चा अंक दाखवला होता. काका त्याला घेऊन थेट माझ्या दुकानात आले, कारण ही गोष्ट केवढी मोठी आहे ते कळणारं त्यांच्या जवळ दुसरं कोणी नव्हतं. दोघं समोरासमोर बसले. मी त्या म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत राहिलो.

'फुगा'त वाचकांचे पत्ते छापलेले असायचे. त्यामुळे नागपूरचा पोरगा कोल्हापूरच्या पोराला पत्र लिहायचा, माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे ते आहे का. आपल्यासारखं वेडं दुसरंही कोणी आहे हे त्या मुलांना तेव्हा कळलं. आज जे मोठे संग्राहक म्हणून मिरवतात, चित्रकथांवर व्याख्यानं देतात, त्यातले बरेच त्या पत्त्यांतून एकमेकांना भेटले.

आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट ठरलेली. पुस्तकावर नाव लिहू नका. चिकटपट्टी लावू नका. कडा छाटू नका, छाटलेलं पुस्तक मेलं समजा. बाइंडर हा आपला शत्रू आहे. अशा मजकुराला पिना मारायला ते माझ्याच दुकानात यायचे!

"काका, शत्रूच्या हातचा चहा चालंल का?" मी विचारायचो.

"चहा चालंल. तुझ्या मशीनपासून माझी पिशवी लांब ठेव."

त्यांची कॉमिक्सची पिशवी मी खरोखरच लांबच्या खुंटीला टांगायचो. इतकी वर्षं मी त्यांच्या एकाही कॉमिकला पात्याजवळ नेलं नाही.

'फुगा' कधीतरी बंद पडला. काका निवृत्त झाले, बायको वारली, मुलगी सुषमा बदनापूरलाच शिक्षिका झाली. मला वाटलं, संपलं हे प्रकरण. तेवढ्यात एक दिवस दुकानासमोर मोठी गाडी थांबली. बदनापूरला घरी चौकशी करून आलेले पुण्याचे एक हृदयाचे डॉक्टर आतून उतरले. काका तेव्हा माझ्या दुकानाबाहेर बसले होते. त्या डॉक्टरांनी भर रस्त्यावर, चकचकीत बूट घातलेल्या अवस्थेत, वाकून काकांचे पाय धरले. मी खळीचा ब्रश हातात घेऊन उभाच. डॉक्टर लहानपणी 'फुगा'चे वाचक होते. म्हणाले, "काका, घरी मला कोणी विचारत नव्हतं. तुम्ही माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलंत."

पुढे डॉक्टरांनी पुण्याला मोठा कार्यक्रम ठेवला, काकांचा सत्कार केला. जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन होतं. डॉक्टरांची इच्छा होती की काकांचा सगळा संग्रह पुण्याला न्यावा, थंड खोलीत ठेवावा, वर 'खरात संग्रह' अशी पाटी लावावी. सुषमाताईला ते फार आवडलं. बापाला लोक कामिकवाला कंपाउंडर म्हणून हसले होते ते तिने लहानपणापासून ऐकलं होतं. त्या पाटीत तिचा जीव अडकला होता. काका मात्र पुण्याहून आल्यापासून गप्प होते. आणि आठवड्याभरातच ती रिक्षा माझ्या दारात आली.

तर मी आडवा उभा होतो.

"काका, सुषमाताईला विचारलं का? डॉक्टर न्यायला येणार हायेत ना?"

"येणार हाय. म्हणून तर जल्दी कर."

"मला न्हाई जमणार."

तेव्हा त्यांनी मला बसवलं आणि पुण्याची गोष्ट सांगितली. प्रदर्शनात काचेच्या पेटीत एक जुनं कॉमिक होतं, त्यांनी स्वतः लहानपणी वडिलांना वाचून दाखवलेल्यांपैकी. कडक प्लॅस्टिकमध्ये चारी बाजूंनी बंद केलेलं. काकांना त्यातलं एक पान बघायचं होतं. त्या कॉमिकच्या मालकाला म्हणाले, जरा उघडा. तो हसला. उघडलं की किंमत जाते म्हणाला. काकांनी विचारलं, मग तुम्ही वाचलं कधी? तो म्हणाला, मी कशाला वाचू?

"मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं," काका म्हणाले, "आन् माझ्या ध्यानात आलं, ह्याला शिकवलं कुणी? मीच ना! हात लावू नका, कड दुमडू नका, जपा, जपा, जपा. मी वाचायला जपा म्हनलो व्हतो रे. त्यांनी नुसतं जपलं. डॉक्टर गुणाचा हाय, पर त्याच्या थंड खोलीत बी ह्ये कुणी वाचणार न्हाई. कापलेलं कुणी इकत घेत न्हाई. तू कापलं की ते कुणाच्याच कामाचं राहत न्हाई. फक्त वाचायच्या कामाचं राहतं."

खरं सांगतो, मला भीती वाटली त्यांची. इतकं शांत राहून कोणी आपलं आयुष्य पात्याखाली घालायला निघतं, हे मी पाहिलं नव्हतं.

काम सुरू केलं. त्यांनी दुकानातून जायला नकार दिला. गठ्ठे त्यांनीच लावून आणले होते आणि तिथेही मला धक्काच बसला. संग्राहक लोक मालिका अंकवार लावतात, एकही अंक मागेपुढे झालेला चालत नाही. काकांनी सगळ्याची मिसळ केली होती. हसवणारं एक, भुताचं एक, राजाचं, हेराचं, मग परत हसवणारं. जे पोरगं जे पुस्तक उचलेल त्याला सगळं मिळालं पाहिजे, म्हणाले. मुखपृष्ठं आतच शिवायला सांगितली.

पहिला गठ्ठा मशीनखाली घातला. चाक फिरवून दाबला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पातं खाली आलं. जाड कागद कापला जातो तेव्हा एक भरीव आवाज येतो, तो मला नेहमी आवडायचा. त्या दिवशी तो ऐकवेना. खाली रंगीत कातरण पडली, निळी, लाल, पिवळी, बारीक बारीक. काकांनी वळून न बघता विचारलं, "सरळ आली का कड?"

"आली."

"मंग पुढचं घे."

काम बरेच दिवस चाललं. ते रोज यायचे, रोज पाठ करून बसायचे. मधेच एका संध्याकाळी सुषमाताईचा फोन आला.

"अंकुशभाऊ, दादा कुठं चालले रोज? घरातलं कपाट रिकामं कसं?"

बापाला ती दादा म्हणायची. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही कापले? तुमचा हात उठला कसा?" आणि फोन ठेवला.

डॉक्टर आले ते खोकी घेऊनच आले, खास कागद खराब न करणारी. सुषमाताई सोबत होती. दुकानात भिंतीला लागून जाड पुठ्ठ्याचे खंड रचलेले होते. डॉक्टरांनी वरचा एक उचलला, उघडला, चाळला. माणसाचं तोंड असं पांढरं पडलेलं मी दवाखान्यातसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी दुसरा उघडला. मग तिसरा.

"मालिका फोडली," ते हळूच म्हणाले. मग माझ्यावर ओरडले, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? यातल्या काहींची दुसरी प्रत आता कुठेच नाही! कुठेच नाही!"

हे मला माहीत नव्हतं. कुठेच नाही, म्हणजे जगात नाही. मी काकांकडे पाहिलं.

"त्याला कशाला बोलता डॉक्टर, मी सांगितलं त्याला," काका म्हणाले. "आन् दुसरी प्रत न्हाई ते मला ठाऊक हाय. तुमच्या आधीपासून ठाऊक हाय."

"मग का, काका? मी नीट सांभाळलं असतं हो."

"सांभाळलंच असतं तुम्ही. त्याचंच भेव वाटलं."

डॉक्टर माझ्या स्टुलावर बसले आणि रडायला लागले. हजारो माणसांच्या छातीत हात घालणारा माणूस. सुषमाताई रडली नाही, ती बापाकडे नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "दादा, एकदा विचारायचं तरी मला." काकांनी मान खाली घातली. जाताना डॉक्टर पुन्हा पाया पडले, पण डोळ्याला डोळा दिला नाही. रिकामी खोकी दुकानातच राहिली. पुढे त्यांचा फोन आल्याचं मला तरी माहीत नाही.

खंड गावोगावच्या शाळांत गेले. बदनापूर, शहागड, वडीगोद्री, आणखी कुठे कुठे. सुषमाताईनेच ते पोहोचवले, रागात असली तरी तिनेच. मी मनातून काकांच्या बाजूचा झालो होतो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो की बघा, असा माणूस आहे आमच्याकडे.

वर्ष-दीड वर्षाने वडीगोद्रीच्या शाळेतल्या एका गुरुजींनी एसटीच्या कंडक्टरजवळ एक खंड दुरुस्तीला पाठवला. पिशवी उघडली आणि मी हादरलो. मी बांधलेला पुठ्ठा मधून फुटला होता. शिवण तुटून पानं लोंबत होती. राण्यांना मिश्या काढल्या होत्या, राक्षसांना चष्मे. भाजीचे डाग, शाईचे डाग. एका नायकाचं उडणारं चित्र कोणीतरी पात्याने कोरून काढून नेलं होतं, पानात त्याच्या आकाराचं भोक. मला आधी राग आला. मग वाटलं, अरे, हेच तर पाहिजे होतं काकांना! पोरांनी वाचून वाचून चिंध्या केल्या. त्यांना दाखवलं तर किती खूश होतील.

काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी तो खंड घेऊन बदनापूरला गेलो. सुषमाताईने दार उघडलं, पाणी दिलं, आत नेलं. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "काका, बघा पोरांनी काय हाल केले! दुसरं कुणी असतं तर शाळेवर गेलं असतं भांडायला. तुमचं खरं झालं!"

त्यांनी उशीला टेकून खंड मांडीवर घेतला. एकेक पान उलटायला लागले. मिश्यांवर हसतील म्हणून मी वाट बघत होतो. ते हसले नाहीत. भोक पडलेल्या पानावर आले आणि थांबले. त्या भोकावर त्यांनी तळहात ठेवला. आणि मग त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. सुषमाताई स्वयंपाकघरातून धावत आली. ते लहान पोरासारखे हुंदके देत होते, थांबेचनात.

कापताना ज्याने मान वळवली नाही, डॉक्टरांसमोर ज्याचा आवाज चढला नाही, तो माणूस हा? मला वाटत होतं की त्यांनी त्या पुस्तकांवरचा जीवच काढून घेतला होता, म्हणून ते कापू शकले. मी सगळं उलटं समजलो होतो.

"काका, चुकलं का मग आपलं?" मी कसंबसं विचारलं.

"चुकलं कशाला? ह्याच्यासाठीच देल्ते ना." त्यांनी डोळे पुसले, पण हात पानावरून काढला नाही. "देल्यावर दुखत न्हाई असं कुणी सांगितलं तुला?"

सुषमाताई पलंगाच्या कडेला बसली. तिने बापाच्या हाताखालून खंड हळूच ओढून घेतला, सुटी पानं सारखी केली. मी विचारलं, "आता काय करू याचं?"

"बांध परत. आन् परत वडीगोद्रीलाच धाड."

"समास उरला न्हाई काका. आणखी कापलं तर फुग्यातली अक्षरं जातील."

"नको कापू मंग. वाकडं राहू दे."

मी हो म्हणालो आणि खंड पिशवीत घालू लागलो. काकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "अंकुश, असे लई येतील आता तुझ्याकडं. सगळे बांधून दे. पर मला दाखवायला आणू नको."

सुषमाताईने चहा ठेवला होता. तो घ्यायला मी थांबलो नाही.